बिनतारी व्यवहार आणि त्याचे कुलूप

गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा कसा ठरतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एक दृश्य चांगले आठवत असेल. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरण्याचा पदर ओढला जातो आणि त्या कापडाखाली बोटे दाबून किंमत विचारली व सांगितली जाते. भोवती पन्नास माणसे कान टवकारून उभी असतात. पण सौदा कितीला तुटला हे त्यांतल्या एकालाही कळत नाही. मराठीने या विद्येला करपल्लवी असे मोठे गोड नाव दिले आहे. मौजेची गोष्ट अशी, की बोटांची ती भाषा बाजारातल्या बहुतेकांना येत असते. गुपित राहते ते भाषेमुळे नव्हे, तर वर पसरलेल्या उपरण्यामुळे. उपरणे काढून घेतले, की साऱ्या बाजाराला भाव कळलाच म्हणून समजावे.

व्यापाऱ्याच्या निरोपावरचे हे उपरणे विज्ञानाने एकदा काढून घेतले, त्याला आता सव्वाशे वर्षे होतील. त्या दिवसापासून दुसरे उपरणे विणण्याचा जो उद्योग चालला आहे, त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आणि काहीसा लाजिरवाणाही आहे.

तारायंत्राच्या काळात हा प्रश्न इतक्या तीव्रतेने भेडसावत नव्हता. १८७० साली मुंबईहून एडन आणि सुवेझमार्गे समुद्राच्या तळाशी तारेचा दोर पडला. त्याच वर्षी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नो नावाच्या लहानशा खाडीत दुसरा दोर येऊन पोचला, आणि मुंबईचा कापूसबाजार लंडनशी थेट बोलू लागला. या तारांवरून जाणारे व्यापारी संदेश बहुधा संकेतकोशांच्या भाषेत असत. एका शब्दात सबंध वाक्य कोंबण्याची सोय या कोशांनी केलेली असे. परंतु त्यांचा मुख्य हेतू काटकसर हा होता. शब्दागणिक पैसे मोजावे लागत. तेव्हा दहा शब्दांचे काम एका शब्दात होत असेल तर कोणाला नको होते? कोश छापील असत आणि बाजारात विकत मिळत. गुप्ततेचा भार वाहिला तो तारेनेच. तारेला दोन टोके असतात. त्या टोकांशी बसलेले कारकून विश्वासू असले, आणि मधला दोर समुद्राच्या पोटात सुरक्षित असला, की पेढीवाल्याला रात्री झोप लागत असे.

गुग्लिएल्मो मार्कोनी याने तार काढून टाकली. संदेश आता चहूकडे पसरू लागला. ज्याच्यासाठी तो धाडला त्याच्याकडे, आणि ज्याच्यासाठी धाडला नाही अशा प्रत्येकाकडेही. हा दोष मार्कोनीला कळत नव्हता असे मुळीच नाही. जहाजांच्या कंपन्यांना आणि वृत्तपत्रांना आपली सेवा विकायची तर संदेश खाजगी राहतो अशी हमी देणे त्याला भागच होते. १९०० साली त्याने मेळ साधण्याच्या युक्तीचे प्रसिद्ध एकस्व मिळविले. ‘चार सातांचे एकस्व’ या नावाने ते ओळखले जाते, कारण त्याचा क्रमांकच ७७७७ होता. धाडणारे आणि घेणारे अशी दोन्ही यंत्रे एकाच सुरात लावायची, म्हणजे दुसऱ्या सुरातल्या यंत्राला काही ऐकू येणार नाही, अशी ती कल्पना. तंबोऱ्याच्या दोन तारा एका सुरात लावल्या की एक छेडल्यावर दुसरी आपोआप झंकारते, त्यातलाच हा प्रकार. माझ्या यंत्राशी ज्याचा सूर जुळलेला नाही अशा कोणालाही माझे संदेश चोरता येणार नाहीत, असे मार्कोनी १९०३ च्या आरंभी जाहीरपणे सांगत होता.

येथे एक तर्कदोष होता. सूर जुळविणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. ज्याला ऐकायचे आहे तो आपली तार हवी तशी पिळून पाहील आणि कधी ना कधी सूर सापडेल. हे सिद्ध करून दाखविणारा मनुष्य शास्त्रज्ञ नव्हता, तर चक्क जादूगार होता. नेव्हिल मॅस्केलिन हे त्याचे नाव. लंडनमधील पिकॅडिली भागात ‘इजिप्शियन हॉल’ नावाचे नाट्यगृह होते, तेथे त्याचे वडील जादूचे प्रयोग करीत. मुलगाही त्याच धंद्यात होता. पण त्याला विजेचा आणि बिनतारी यंत्रांचा मोठा नाद होता. मार्कोनीच्या एकस्वांमुळे त्याची वाट अडली होती, हेही खरे.

समुद्री तारांच्या मालकांना मार्कोनीचे यश डोळ्यांत खुपू लागणे स्वाभाविकच होते. १९०१ च्या डिसेंबरात अटलांटिक महासागरापार संदेश गेल्याची बातमी आली, तेव्हा ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीने या जादूगारालाच कामावर नेमले. ज्या पोर्थकर्नोच्या खाडीत हिंदुस्थानची तार येऊन पोचत होती, तिच्या शेजारच्या कड्यावर सुमारे १७० फूट उंचीचा खांब उभारण्यात आला. मार्कोनीचे पोल्ढू येथील केंद्र तेथून फार दूर नव्हते. मॅस्केलिनने त्या केंद्रातून जहाजांकडे जाणारे संदेश सुखाने टिपले आणि १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘द इलेक्ट्रिशियन’ या नियतकालिकात त्याची हकीकत छापून टाकली. सूर वगैरे जुळविण्याची फारशी गरजसुद्धा पडली नव्हती.

मार्कोनीच्या बाजूने उत्तर आले ते जाहीर प्रयोगाच्या रूपाने. ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचे सल्लागार प्राध्यापक जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांचे व्याख्यान ठरले होते. व्याख्यानाच्या शेवटी मार्कोनी पोल्ढूहून संदेश धाडणार आणि तो सर्वांसमक्ष कागदाच्या पट्टीवर उमटणार, असा बेत होता. सभागृह भरले. व्याख्यान रंगात आले. तोच आर्थर ब्लोक नावाच्या मदतनिसाच्या कानी दिव्याच्या पितळी डब्यातून एक टकटक येऊ लागली. दिव्यातली ज्योत बिघडली असावी असे कोणालाही वाटले असते. पण ब्लोकचे कान मोर्स लिपीत तयार झालेले होते. त्या टकटकीतून ‘रॅट्स’ हा एकच शब्द पुनःपुन्हा येत होता. इंग्रज मनुष्य एखाद्याची थाप उडवून लावताना तो त्या काळी वापरीत असे. पाठोपाठ लोकांना गोड बोलून फसविणाऱ्या इटलीतल्या एका तरुणावरचे चार-पाच ओळींचे चेष्टेचे पद्य आले, आणि शेक्सपिअरच्या नाटकांतल्या काही तुकड्यांचीही भर पडली. मार्कोनी इटलीचा, हे सांगावयास नकोच. फ्लेमिंग यांना कमी ऐकू येत असे; त्यामुळे ते शांतपणे बोलत राहिले. बहुतेक श्रोत्यांनाही काही उमगले नाही. वेळेवर टकटक थांबली, पोल्ढूचा संदेश आला आणि टाळ्यांच्या कडकडाटात सभा संपली.

प्रकरण तेथेच मिटले असते. पण फ्लेमिंग यांना नंतर सारे कळले आणि त्यांनी संतापाच्या भरात ‘टाइम्स’ पत्राला लिहिले. ही शास्त्रीय गुंडगिरी आहे, फॅरडेच्या नावाने पुनीत झालेल्या सभागृहाची ही विटंबना आहे, वाचकांनी गुन्हेगार शोधून द्यावा, असा त्या पत्राचा आशय होता. गुन्हेगाराने स्वतःच उत्तर धाडले. इजिप्शियन हॉल रॉयल इन्स्टिट्यूशनपासून हाकेच्या अंतरावर होता आणि तेथूनच एका साध्या ठिणगीयंत्राने हा उद्योग केल्याचे मॅस्केलिनने कबूल केले. तुमचे यंत्र दुसऱ्याचे काही ऐकत नाही असे तुम्ही म्हणता. ते खरे की खोटे हे लोकांना कळण्याचा दुसरा मार्ग कोणता होता, हा त्याचा सवाल होता.

जादूगार प्रतिस्पर्ध्यांच्या पैशावर पोसला जात होता आणि त्याची रीत सभ्य नव्हती, हे मान्य करूनही या वादात न्यायाचे पारडे त्याच्याच बाजूला झुकते. कुलपाच्या कारखानदाराने ‘माझे कुलूप उघडत नाही’ असे छातीठोकपणे म्हणावे आणि कोणी ते उघडून दाखविले की त्यालाच चोर ठरवावे, ही प्रथा त्या सायंकाळी सुरू झाली; आणि पुढल्या शतकात ती अनेकांनी इमाने इतबारे पाळली.

यानंतरची काही दशके भरभर ओलांडता येतील. बिनतारी संदेशाला खरोखरीचे कुलूप हवे, म्हणजे संदेशाची अक्षरेच किल्लीवाचून वाचता येऊ नयेत अशी बदलली पाहिजेत, हे महायुद्धांनी सेनापतींना पटविले. व्यापाऱ्यांना मात्र ते पटविणे कठीण गेले. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले ‘एनिग्मा’ हे जर्मन यंत्र मुळात पेढ्या आणि कंपन्या यांच्यासाठी म्हणून बाजारात आले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आर्थर शेर्बिउस या अभियंत्याने १९१८ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला, १९२३ मध्ये ते विक्रीस ठेवले आणि १९२४ च्या स्टॉकहोम येथील जागतिक टपाल परिषदेतही ते मांडले. व्यापाऱ्यांनी त्याकडे कौतुकाने पाहिले, किंमत विचारली आणि बहुतेक जण पुढे चालू लागले. गिऱ्हाईक मिळाले ते १९२६ मध्ये, जर्मन नौदलाचे. चोरी झालेली दिसल्यावाचून दुकानदार तिजोरी विकत घेत नाही. आणि हवेतली चोरी तर दिसतच नाही, कारण माल जागच्या जागीच राहतो.

महाराष्ट्राचा या कथेशी थेट संबंध येतो तो १९२७ मध्ये. त्या वर्षी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये झोतपद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली. पुण्याजवळ खडकी येथे संदेश धाडण्याचे केंद्र होते आणि दौंड येथे ते घेण्याचे. मुंबईच्या व्यापाऱ्याचा निरोप खडकीच्या उंच मनोऱ्यांवरून थेट विलायतेस निघू लागला आणि दर उतरल्यामुळे समुद्री तारांचे धाबे दणाणले. दिव्याच्या झोताप्रमाणे लहरी एकाच दिशेने फेकल्या जात, म्हणून इतरांना त्या ऐकणे थोडे अवघड होते, अशक्य नव्हते. पुढे ही बिनतारी सेवा व समुद्री तारा एकाच कंपनीच्या हाती गेल्या, आणि १ जानेवारी १९४७ पासून हा सारा कारभार सरकारकडे आला.

बिनतारीचा उघडेपणा कधी कधी देशाच्या कामीही आला. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, तो सर्वांना ऐकू जावा म्हणूनच. मात्र ज्या लहरी श्रोत्यांपर्यंत आवाज नेत, त्याच पोलिसांच्या गाड्यांना ठावठिकाणाही सांगत. म्हणून केंद्र सतत हलवावे लागे. तरीही ते अखेर पकडले गेले. संदेशाचा मजकूर लपविता येईल, पण संदेश चालला आहे ही गोष्ट लपविणे फार अवघड, हा बिनतारीचा दुसरा धर्म.

आता एकदम विसाव्या शतकाच्या अखेरीस यावे लागते. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरी विनापरवाना वापरास मोकळ्या केल्या. भट्ट्यांना आणि वैद्यकीय यंत्रांना दिलेला, म्हणून इतरांना नकोसा झालेला असा तो लहरींचा पट्टा होता. या पडीक जमिनीवर जे पीक आले, त्याला आज सारे जग वाय-फाय म्हणते. १९९७ मध्ये त्याचे पहिले प्रमाण ठरले. दुकाने, गोदामे आणि कचेऱ्या यांना ती मोठीच पर्वणी होती. भिंती फोडून तारा न ओढता प्रत्येक मेज संगणकाच्या जाळ्याला जोडता येऊ लागले.

या प्रमाणाबरोबर एक कुलूपही देण्यात आले. त्याचे नाव मोठे बोलके होते: ‘वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी’, म्हणजे तारेच्या तोडीची गुप्तता. १९०३ मधल्या आश्वासनाचीच ही नवी आवृत्ती नव्हे काय? त्याची रचना थोडक्यात अशी. जाळ्यातल्या सर्व यंत्रांना एकच किल्ली दिलेली असे. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे ती अवघ्या ४० अंशांची होती. त्या किल्लीपासून आकड्यांची एक लांबलचक माळ तयार होई आणि संदेशाची अक्षरे त्या माळेत मिसळून धाडली जात. एकच माळ दोनदा वापरली तर दोन संदेश एकमेकांशी ताडून उलगडता येतात, हे या शास्त्रातले बाळबोध सत्य आहे. म्हणून प्रत्येक पुडक्यागणिक किल्लीला एक बदलता आकडा जोडण्याची सोय केलेली होती. पण त्या आकड्याला जागा दिली २४ अंशांची. म्हणजे १,६७,७७,२१६ पुडकी गेली की आकडे संपले आणि पुन्हा तेच येऊ लागले. हा आकडा ऐकून सामान्य माणसाची छाती दडपते. परंतु गर्दीच्या जाळ्यात एवढी पुडकी सुमारे पाच तासांत जातात. सकाळी दुकान उघडले तर दुपारच्या जेवणापर्यंत माळ पुनः पहिल्यापासून सुरू!

२००० च्या अखेरीस इंटेल कंपनीतील जेसी वॉकर यांनी हा दोष दाखविला. पाठोपाठ बर्कले येथील बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी त्यावर लिहिले. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शमीर या त्रयीने तर आकड्यांची माळ ओवण्याच्या रीतीतच चीर असल्याचे सिद्ध केले; पुडकी नुसती गोळा करीत बसले तरी मूळ किल्लीच हाती लागते, असे त्यांच्या गणिताने निघाले. थोड्याच महिन्यांत ही रीत प्रत्यक्षात उतरविणारी साधने कोणालाही फुकट मिळू लागली. २००७ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील तिघा संशोधकांनी १०४ अंशांची मोठी किल्लीसुद्धा एका मिनिटाच्या आत काढून दाखविली.

जाणकारांनी आपले काम चोख बजावले होते. २००३ मध्ये डागडुजी केलेले कुलूप आले आणि २००४ मध्ये पक्के. त्या पक्क्या कुलपाचा गाभा डॅमन आणि रेमन या दोघा बेल्जियन गणितज्ञांनी रचलेला होता, आणि जगभरच्या टीकाकारांना तो फोडून पाहण्याचे उघड आमंत्रण देऊन नंतरच प्रमाण म्हणून स्वीकारलेला होता. मॅस्केलिनला शंभर वर्षांनी मिळालेला हा न्यायच म्हणावयाचा. पण जुनी कुलपे दारोदार लटकत होती, ती बदलणार कोण?

टी.जे.एक्स. या अमेरिकन कंपनीची कपड्यांची आणि घरगुती वस्तूंची दुकाने देशभर पसरलेली होती. दुकानांतील गल्ले वाय-फायने जोडलेले होते आणि कुलूप जुनेच होते. जुलै २००५ मध्ये फ्लॉरिडातील मायामी शहरातल्या तिच्या दोन दुकानांच्या बिनतारी जाळ्यांत काही तरुण शिरले. त्यासाठी त्यांना दुकानाचा उंबरठाही ओलांडावा लागला नाही. भिंतीबाहेर झिरपणाऱ्या लहरी पुरेशा होत्या. दुकानाच्या जाळ्यातून वाट काढीत ते कंपनीच्या मध्यवर्ती संगणकांपर्यंत पोचले आणि जवळजवळ दीड वर्ष तेथे त्यांची ये-जा चालू राहिली. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीच्या हे ध्यानी आले आणि १७ जानेवारी २००७ रोजी तिने ते जाहीर केले. निदान ४ कोटी ५७ लाख पतपत्रांचे आकडे चोरीस गेल्याचे कंपनीने सांगितले. बँकांच्या मते हा आकडा याच्या दुपटीहून अधिक होता.

या प्रकरणाची सर्वांत बोधप्रद चौकशी केली ती कॅनडाच्या खाजगीपणा आयुक्तांनी. सप्टेंबर २००७ च्या त्यांच्या अहवालात कमकुवत कुलपाबद्दल ठपका आहेच. पण त्याहून मार्मिक असा दुसरा ठपका आहे. कंपनीने एवढी माहिती मुळात साठवून का ठेवली? पावतीवाचून माल परत करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वाहन-परवान्याचा क्रमांक टिपून तो वर्षानुवर्षे जपून ठेवण्याचे काय प्रयोजन होते? सरकारी कचेऱ्यांतून ज्यांनी जुन्या फायलींचे ढीग पाहिले आहेत, त्यांना या प्रश्नाची धार जाणवेल. जे ठेवलेलेच नाही ते चोरीस जात नाही. टोळीचा नायक अल्बर्ट गोंझालेझ याला मार्च २०१० मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. चोऱ्यांच्या काळात तो अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा पगारी खबऱ्या होता, हे त्या खटल्यातले आणखी एक नवल. पतपत्रांचा व्यवहार चालविणाऱ्या कंपन्यांनी जुन्या कुलपावर बंदी घातली खरी. पण चालू जाळ्यांसाठी तिची मुदत संपली ती ३० जून २०१० रोजी, म्हणजे दोष उघड झाल्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये विनापरवाना वापरास मोकळा झाला, आणि मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून व घरांतून वाय-फायच्या पेट्या लुकलुकू लागल्या. येथे प्रश्न कच्च्या कुलपाचा नव्हता, कुलूपच नव्हते. पेटी कारखान्यातून उघडीच येई. ती बसविणारा कारागीर ‘चालू झाले’ एवढे पाहून निघून जाई, आणि मालकही तेवढ्यावर संतुष्ट असे. शेजाऱ्याने चोरून वापरले तर फार तर आपला वेग कमी होईल, अशी समजूत होती.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि पन्नासांहून अधिक निरपराध माणसे मेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचे ई-पत्र आले होते. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईत सानपाडा येथील एका घरापर्यंत. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा या प्रकाराशी काहीच संबंध नव्हता. त्याचे वाय-फाय उघडे होते, एवढाच त्याचा दोष. परंतु हे सिद्ध होईपर्यंत त्याला चौकशीच्या किती फेऱ्यांतून जावे लागले! ऑगस्टमध्ये तसलेच दुसरे पत्र माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेले. १३ सप्टेंबर रोजी दिल्लीत स्फोट झाले. त्या वेळचे पत्र चेंबूरमधल्या एका खाजगी कंपनीच्या वाय-फायवरून धाडलेले निघाले. घर, विद्यालय आणि कचेरी अशी तिन्ही ठिकाणे त्या तीन महिन्यांत शोधली गेली, आणि तिन्ही उघडी सापडली.

चेंबूरच्या त्या कचेरीतील कारकुनांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी. सकाळी नेहमीसारखे कामावर यावे, तो दारात पोलीस, आणि ज्या पत्राने देश हादरला ते आपल्याच कचेरीच्या पत्त्यावरून गेलेले! टी.जे.एक्स.ची गेली ती माहिती आणि संपत्ती. येथे गेले ते नाव. आणि मनुष्याने जन्मभर जपलेले नाव परत मिळवून देणारी बँक अजून निघालेली नाही.

यानंतर चक्रे हलली. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी जाळी शोधीत शहरात फिरू लागले. एकेकाळी चोरटी रेडिओ केंद्रे हुडकणाऱ्या गाड्यांचीच ही नवी पिढी. फेब्रुवारीत केंद्रीय दूरसंचार विभागाने इंटरनेट-सेवा देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची वाय-फाय जाळी सुरक्षित करण्याविषयी आदेश दिले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली, आणि लोकांची नाजूक माहिती हाताळताना वाजवी काळजी न घेणाऱ्या कंपनीला नुकसानभरपाईस जबाबदार धरणारे कलम कायद्याच्या पुस्तकात आले. परिपत्रकाने कुलूप लागत नाही, हे प्रशासनात काम केलेल्या कोणासही सांगावयास नको. तरीसुद्धा हे आदेश निरुपयोगी ठरले असे म्हणता येणार नाही. पुढे पेट्या बसविणारे कारागीर परवलीचा शब्द घालूनच बाहेर पडू लागले. तो शब्द बहुधा मालकाचा भ्रमणध्वनी क्रमांक असे आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटविलेलाही असे, ही गोष्ट वेगळी.

भ्रमणध्वनीचे प्रकरण आणखी अवघड, कारण हे यंत्र मालकाबरोबर हिंडते, टॅक्सीत विसरते आणि रात्री मुलांच्या हाती असते. युरोपात तयार झालेल्या जी.एस.एम. पद्धतीत संभाषणाला कुलूप होते. पण ६४ अंशांच्या किल्लीतले दहा अंश सुरुवातीच्या काळात मुद्दाम शून्य ठेवलेले होते आणि कुलपाची घडण गुप्त राखली होती. १९९९ पर्यंत ती घडण उघडकीस आली आणि दहा वर्षांत ते कुलूप सामान्य संगणकांच्या आवाक्यात आले. त्याहून मोठी उणीव अशी, की हातातल्या यंत्राला आपली ओळख मनोऱ्याला पटवावी लागे. मनोऱ्याने मात्र आपली ओळख पटविण्याची गरज नव्हती. तोतया मनोरा उभारला तर यंत्र भाबडेपणाने त्यालाच जाऊन मिळे. ही एकतर्फी ओळख पुढच्या, म्हणजे तिसऱ्या पिढीत दुतर्फी करण्यात आली.

कंपन्यांच्या कारभारासाठी म्हणून खास घडविलेले पहिले यशस्वी यंत्र कॅनडाच्या ब्लॅकबेरीचे. त्याची व्यवस्था व्यापाऱ्याच्या मनासारखी होती. किल्ली कंपनीच्या स्वतःच्या संगणकावर असे, आणि यंत्र हरवले तर कचेरीत बसून त्यातला मजकूर पुसता येई. कुलूप इतके चांगले होते की सरकारांनाच त्याची चिंता वाटू लागली. २०१० मध्ये भारताच्या गृहमंत्रालयाने संदेश तपासण्याची सोय द्या, नाही तर सेवा बंद करू, असा निर्वाणीचा इशारा दिला. कंपनीचे म्हणणे असे, की व्यापारी ग्राहकांच्या किल्ल्या आमच्यापाशी नाहीतच, देणार कोठून? २००८ च्या घटना ताज्या असताना शासनाने असा आग्रह धरणे समजण्यासारखे होते. परंतु याच शासनाच्या परवाना-शर्तींत विनापरवानगी ४० अंशांहून मोठी किल्ली वापरण्यास मनाई होती, म्हणजे अमेरिकेतल्या त्या कुप्रसिद्ध कुलपाएवढीच! एका हाताने ‘दारे लावा’ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने कडी किती जाड असावी याला मर्यादा घालायची, ही विसंगती तेव्हा फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

२००७ नंतर काचेच्या पडद्याचे भ्रमणध्वनी आले आणि कचेरीने यंत्र देण्याऐवजी नोकरानेच आपले यंत्र कचेरीत आणण्याची चाल पडली. कंपनीचा खर्च वाचला. पण एकाच यंत्रात मालाच्या निविदा आणि मुलीच्या बारशाची छायाचित्रे शेजारी शेजारी नांदू लागली. यंत्र हरवल्याची वर्दी आली की कंपनी सर्वच पुसून टाकी. यंत्र मागाहून सापडले तरी बारसे परत येत नसे. त्यामुळे यंत्र हरवल्याचे लोक उशिरा सांगू लागले, आणि ज्या घटकाभरात पुसणे उपयोगी पडावयाचे ती निघून जाऊ लागली. एकाच यंत्रात घर व कचेरी यांच्यामध्ये भिंत घालण्याची सोय अँड्रॉइड यंत्रांत २०१५ च्या सुमारास आली. तंत्रज्ञांना हे आधी सुचले नाही याचे कारण एवढेच, की हा दोष गणितातला नव्हता; माणसाच्या संकोचातला होता.

२००४ चे पक्के कुलूप तेरा वर्षे टिकले. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी त्याच्याही बिजागरीतला दोष दाखविला. कुलपाचा गाभा शाबूत होता. पण यंत्र आणि पेटी यांच्यामध्ये होणाऱ्या ओळखीच्या वेळी एकच निरोप पुन्हा धाडला, तर यंत्र जुनी किल्ली नव्याने बसवी आणि आकड्यांची माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. जुनेच दुखणे नव्या वाटेने परत आले होते. काही अँड्रॉइड यंत्रांत तर अशा वेळी सगळे शून्य असलेली किल्ली बसे. व्हॅनहूफ यांनी हा दोष आधी कारखानदारांना गुप्तपणे कळविला, त्यांना दुरुस्तीसाठी अवधी दिला आणि मगच तो जगापुढे मांडला. त्यांना कोणी गुंड म्हटले नाही. २०१८ मध्ये नव्या, तिसऱ्या कुलपाचे प्रमाण जाहीर झाले. चालू यंत्रांना दुरुस्ती काही आठवड्यांत मिळाली. परंतु ज्या यंत्रांकडे त्यांच्या कारखानदारांनी केव्हाच पाठ फिरविली होती, अशी कितीतरी दुकानांच्या गल्ल्यांवर आणि नोकरांच्या खिशांत होती. त्यांना ती दुरुस्ती कधीच पोचली नाही.